दुहेरीच्या ओळीत एकच नाव

आमच्या क्लबच्या हॉलमध्ये विजेत्यांचा लाकडी फलक आहे. त्यावर टेनिसच्या राज्य दुहेरी अजिंक्यपदाच्या ओळीत एकच नाव होतं, माझं. दुहेरी म्हणजे दोघांनी मिळून खेळायचा खेळ, हे शाळकरी पोरालाही कळतं. तरी जवळजवळ तीस वर्षं ती ओळ तशीच राहिली आणि तिच्याखालून जाणाऱ्या एकाही सभासदाला तिच्यात काही खटकलं नाही. रंगाऱ्याला ती यादी मी लिहून दिली होती. माझ्या हातानं, शाईच्या पेनानं, ठळक अक्षरांत. दुसरं नाव मी विसरलो नव्हतो. ते मी लिहिलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी क्लबवर बराच चिडणार आहे. माझा राग वाचताना हे लक्षात असू द्यावं.

माझा जोडीदार क्लबच्या मार्करचा मुलगा. मार्कर म्हणजे क्लबनं पगारावर ठेवलेला खेळाडू. सकाळी मातीच्या कोर्टवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्यानं रेघा आखायच्या, जाळी बांधायची. संध्याकाळी एखाद्या साहेबाला जोड मिळाली नाही तर त्याच्याशी खेळायचं आणि बेतानं हरायचं. त्याचे वडील सगळ्या सभासदांना डाव्या हातानं हरवू शकले असते. पण त्यांचा हिशेब ठरलेला होता. ते आम्हाला हसत सांगायचे, "साहेबाला सहा-चारनं जिंकू द्यायचं. सहा-शून्य दिलं की त्याला पण कळतंय आणि बघणाऱ्याला पण." असं वर्षानुवर्षं मोजून मापून हरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या माणसाला क्लबच्या हॉलमध्ये पाऊल टाकायची परवानगी नव्हती. पंपाच्या खोलीमागे एक लोखंडी फाटक होतं, तिथून यायचं आणि तिथूनच जायचं. त्याच्या मुलालाही तेच फाटक.

मी कापड व्यापाऱ्याचा मुलगा. अप्पांनी सभासदत्व घेतलं आणि मी पुढच्या दारानं आत आलो. आम्ही दोघं एकाच वयाचे. सकाळी साहेब लोक यायच्या आधी, ओल्या मातीचा वास येत असताना, आम्ही तासभर खेळायचो. त्याचं घर तेलुगू, माझं कानडी, आणि दोघांची मिळून सोलापूरची मराठी. कोर्टवर तो मला "काय बे" म्हणायचा. सभासद आले की लगेच "दादा". वडिलांनी त्याला तसं बजावून ठेवलं होतं. मला त्या "दादा"मध्ये काही वावगं वाटत नसे. आता वाटतं.

आमच्या जोडीचं डोकं तो होता. मी सर्व्हिस जोरात करायचो, उंच होतो, दिसायला खेळाडू दिसायचो. पण दुहेरीत सर्व्हिस करणाऱ्याच्या पुढे जाळीपाशी जो उभा असतो, तो पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करतो. बंद मूठ म्हणजे मी जागेवरच राहणार. उघडा पंजा म्हणजे मी आडवा धावून चेंडू अडवणार, तू माझी मोकळी जागा सांभाळ. इतपत सगळेच करतात. त्यानं त्यात आणखी चार-पाच खुणा घातल्या होत्या. समोरचा खेळाडू रॅकेट कशी धरतो, चेंडू टाकायच्या आधी कुठं बघतो, हे ओळखून तो खूण द्यायचा आणि मी मुकाट्यानं त्याप्रमाणे चेंडू टाकायचो. तोंडानं ओरडायचं ते तेलुगूत. "नादी" म्हणजे माझा, "नीदी" म्हणजे तुझा, "वदिलेय" म्हणजे सोड, बाहेर जातोय. आधी आम्ही माझी कानडी वापरून पाहिली, पण पुण्यात कानडी कळणारे बरेच निघाले. तेलुगू कुणालाच कळेना.

पुण्यातल्या अंतिम सामन्याचा शेवटचा गुण मला आजही चेंडूच्या आवाजासकट आठवतो. सर्व्हिस माझी होती. पाठीमागे त्यानं उघडा पंजा दाखवला आणि करंगळी दुमडली. म्हणजे चेंडू बरोबर मधल्या रेघेवर टाक, मी आडवा जातो. माझी हिंमत होईना. मी थांबलो. तो वळून माझ्यापाशी आला.

"काय झालं बे?"

"मधे नको. समोरचा त्या बाजूनं जोरात मारतो."

"मारू दे की. मी हाय की तिथं."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर सोलापूरला चालत जाऊ. लई लांब न्हाई."

त्यानं परत जागेवर जाऊन तोच पंजा दाखवला, तीच करंगळी. मी मधल्या रेघेवर टाकला. तो माझ्या डोळ्यांसमोरून आडवा गेला आणि परतलेला चेंडू त्यानं समोरच्याच्या पायात ठेवला. मी फक्त दोन्ही हात वर केले. राज्य अजिंक्यपद आम्हाला असं मिळालं.

येताना कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. त्यानं आपला करंडक खिडकीतून चहावाल्यापुढे धरला. "ह्यात दे की." चहावाला म्हणाला, "ह्यात चार चहा मावतील, पैलवान." "मग चार दे. आमी दोघं हाय." आम्ही एकाच करंडकातून आळीपाळीनं चहा प्यालो. चांदीचं पाणी दिलेल्या त्या भांड्याचा चहाला एक कडवट वास येत होता.

सोलापूर स्टेशनवर क्लबचे सात-आठ लोक हार घेऊन आले होते. हार एकच आणला होता. तो माझ्या गळ्यात पडला. त्याचे वडील गर्दीच्या मागे उभे होते. त्यांनी मुलाला हळूच काहीतरी सांगितलं आणि त्यानं पुढं होऊन माझ्या खांद्यावरची किट-बॅग काढून घेतली. आपली एका खांद्यावर, माझी दुसऱ्या खांद्यावर. मी ती दिली. हारात मान अडकली होती, फोटो काढणारा इकडे बघा म्हणत होता, आणि मी ती दिली.

तीन वर्षांनी क्लबनं फलक करायचं ठरवलं. चिटणीसांनी मला बोलावलं. टेनिसची यादी तू कर, तुला सगळं माहीत आहे, म्हणाले. मी दुहेरीच्या ओळीशी आलो आणि विचारलं, "इथं दोन नावं येतील ना?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तो सभासद आहे का?"

"नाही."

"फलक सभासदांचा आहे."

एवढंच बोलणं झालं. त्यांनी मला धमकावलं नाही, समजावलं नाही, दुसऱ्या कामाला लागले. मी म्हणू शकलो असतो की मग माझंही नाव नको. तेव्हा ते सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. पण सोनेरी रंगात माझं नाव कसं दिसेल तेही सुचलं होतं. आणि आणखी एक, सगळ्यात हलकट विचार मनात आला: तो हॉलमध्ये येणारच नाही, त्याला कशाला कळतंय? ज्या नियमानं त्याला बाहेर ठेवलं होतं, त्याच नियमाच्या आड मी लपलो.

त्याला कळलंच. फलक लावल्यावर हॉल पुसणाऱ्या बाईनं त्याच्या वडिलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा खेळायला आला. फक्त खेळताना "नादी", "नीदी" म्हणाला नाही. मराठीत "घे", "सोड" एवढंच म्हणाला.

नाव फलकावर नसलं म्हणून काय बिघडलं, असं वाटू शकतं. काय बिघडलं ते पाच वर्षांनी समजलं. क्लबला लहान मुलांसाठी पगारी प्रशिक्षक नेमायचा होता. अट होती राज्य पातळीवरचा विजेता. त्यानं अर्ज केला. या कामासाठी त्याच्याइतका लायक माणूस शहरात नव्हता, जिल्ह्यात नव्हता. तो अर्ज आणि प्रमाणपत्र घेऊन आधी माझ्याकडे दुकानात आला. "तू सांग की त्यांना. तू व्हतास की तिथं," म्हणाला. मी म्हणालो, "बघतो."

चिटणीसांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर त्याचं प्रमाणपत्र होतं. "असे कागद कुणीही आणतं. आमच्या फलकावर तर तुझं एकट्याचं नाव आहे. हा म्हणतो ते खरं का?"

माझ्याच हातानं लिहिलेली यादी त्यांनी माझ्यासमोर पुरावा म्हणून धरली होती, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मला चीड यायला हवी होती. मी म्हणालो, "खेळायचा तो माझ्याबरोबर."

खेळायचा तो माझ्याबरोबर. हे वाक्य नीट पाहा. त्यात एकही शब्द खोटा नाही. संध्याकाळी साहेबांबरोबर त्याचे वडील खेळायचे, तसाच तोही कुणाबरोबर तरी खेळायचा, एवढाच अर्थ ऐकणाऱ्याला हवा होता आणि मी तेवढाच दिला. आठवडाभरात चिटणीस म्हणाले, "तूच का घेत नाहीस हे काम? दुकान भाऊ बघेल." मी घेतलं. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला. यंत्रमाग बिघडले की दुरुस्त करणाऱ्याला तिथं जॉबर म्हणतात. तो जॉबर झाला. रस्त्यात कधी भेटला की मला "सर" म्हणायचा.

चोवीस वर्षं मी प्रशिक्षक आहे. उघडा पंजा, बंद मूठ, दुमडलेली करंगळी, या सगळ्या खुणा मी मुलांना शिकवल्या. माझ्या म्हणून शिकवल्या. "सरांची पद्धत" असं पालक एकमेकांना सांगतात, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. पालकांचंही काय सांगावं. प्रत्येकाला आपलं मूल एकेरीत पाहिजे. दुहेरीत घातलं की तक्रार येते, जोडीदार कच्चा दिला म्हणून. एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, करंडक एकच असला तर कुणाच्या घरी राहणार?" मला त्यांचा राग आला. पण ज्याच्या नावाची ओळ हॉलमध्ये तशी लटकत होती, त्यानं कुणाला काय शिकवायचं?

गेल्या वर्षी क्लबनं हॉलचं नूतनीकरण काढलं. फलक खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता. माझ्याकडे शिकणारी अकरा वर्षांची एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहून वाचत होती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, डबल्स तुम्ही एकट्यानं कसं जिंकलं? समोरचे दोघं आलेच नाहीत का?"

बाकीची मुलं हसली. मी म्हणालो, "दुसरा होता."

"मग त्याचं नाव?"

मी तिला चेंडू गोळा करायला पाठवलं. ही माझी त्या दिवशीची बहादुरी.

पण त्यानंतर झोप लागेना. मी समितीला पत्र दिलं की फलक नव्यानं रंगवताना दुसरं नाव घालावं. पत्र तीन बैठका पुढं ढकललं गेलं. चौथ्या बैठकीला मी स्वतः जाऊन बसलो. जुने चिटणीस आता अध्यक्ष आहेत. बाकीचे माझ्या वयाचे किंवा लहान, त्यातल्या दोघांना मीच रॅकेट धरायला शिकवलेलं.

"सर, तीस वर्षं झाली. आता कशाला उकरून काढायचं?" एकानं विचारलं.

"कारण ते खोटं आहे."

"खोटं काय? तुम्ही जिंकलात ना?"

"आम्ही जिंकलो."

दुसरा म्हणाला, "मग उद्या माळ्याचं पण नाव लावा. त्यानं पण पाणी मारलंय की कोर्टवर." दोघं-तिघं हसले. हसणाऱ्यांत मी शिकवलेला एक होता.

मी म्हणालो, "शेवटचा गुण माळ्यानं काढला असता तर माळ्याचंच लावा म्हणालो असतो. तुम्हाला जाळीपाशी उभं राहून ज्या खुणा करायला शिकवल्या, त्या त्या माणसाच्या आहेत. तुम्ही त्याचं खाऊन त्याला हसताय." माझा आवाज चढला होता. त्या खोलीत तो पहिल्यांदाच चढला असावा.

अध्यक्षांनी कपाटातून एक जुनी फाइल मागवली, एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "हे अक्षर कुणाचं, सर?"

"माझं."

"मग चूक क्लबची कशी? आम्ही तुम्ही दिलं तेच लावलं."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. सभासद आहे का विचारणारे ते, फलक सभासदांचा म्हणणारे ते, प्रमाणपत्राला कागद म्हणणारे ते. आणि तरी तो कागद माझाच होता, अक्षर माझंच होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो फेकला नव्हता. असल्या माणसांना कुठला कागद जपून ठेवायचा ते बरोबर कळतं.

"तसं लेखी द्या," ते म्हणाले, "की यादी जाणूनबुजून चुकीची दिली. मग दुरुस्ती करू." मी देणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. मी तिथंच बसून लिहिलं. यादीचं लिहिलं, आणि त्यांनी मागितलं नव्हतं तेही लिहिलं: प्रशिक्षक नेमताना मला विचारलं तेव्हा मी खरं लपवलं, ती जागा त्याची होती. वाचून कुणी हसलं नाही. नाव घालायचं ठरलं. माझी नेमणूक पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही याचा "योग्य वेळी विचार" करायचंही त्याच बैठकीत ठरलं.

फलकावर रंग वाळल्यावर मी कारखान्यात गेलो. त्याला आणायचं, फलक दाखवायचा, अशी माझी कल्पना. शेडमध्ये शिरलो तर मागांच्या खडखडाटात स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. तो एका मागाखाली वाकून काहीतरी आवळत होता. भुवयांवर सुताचा पांढरा भुसा बसलेला. मला बघून उठला, हात पुसत म्हणाला, "या सर."

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "तुझं नाव लावलंय फलकावर. चल बघायला."

"कळलं मला." तोही मोठ्यानं बोलत होता. "बरं केलं. पण त्या हॉलात मी कधी आलो न्हाई, आता काय करू येऊन?"

"त्यांना मी सगळं लिहून दिलंय."

"त्यांना दिलं की." त्यानं पाना बाजूला ठेवला. "त्या दिवशी ऑफिसात तू बोललास ना, मी मागल्या दाराबाहेर व्हतो. 'खेळायचा तो माझ्याबरोबर.' ऐकलं मी."

चोवीस वर्षं. रस्त्यात भेटल्यावर प्रत्येक वेळी "सर" म्हणताना त्याच्या कानात ते वाक्य होतं. मी फलकाची दुरुस्ती करून आलो होतो, पण त्याचं जे गेलं ते त्या खोलीत, माझ्या तोंडून गेलं होतं. रंगाऱ्याच्या हातून ते परत येणार नव्हतं.

मी बोललो. त्यानं कानामागे हात धरला आणि मान हलवली. इतकी वर्षं मागांत काढून त्याला कमी ऐकू येतं. खरंच आलं नसेल ऐकू, किंवा मी पुन्हा बोलावं असं वाटलं असेल. मला माहीत नाही आणि तो हक्क त्याचा होता. मी पुन्हा बोललो. तरी नाही. शेजारच्या मागावरचे दोन कामगार आमच्याकडे बघायला लागले. मग मी सगळ्या शेडला जाईल अशा आवाजात, ऑफिसात कधीच काढला नव्हता अशा आवाजात, ओरडून म्हणालो:

"तू माझ्याबरोबर खेळायचास असं मी म्हणालो, ते चुकलं. मी तुझ्याबरोबर खेळायचो. तू जिंकवलंस मला. हे तेव्हा बोलायला पाहिजे होतं आणि मी भ्यालो. तुझी जागा मी घेतली. मला माफ कर."